एका बाकाची उलाढाल

गृहपाठ केला नाही म्हणून बाकावर उभा केलेला मुलगा, विश्वामित्री नदीच्या काठावर ऊन खात पडलेली मगर आणि बडोद्याच्या मांडवीत बँकेच्या खिडकीशी पासबुक सरकवणारे पेन्शनर काका. या तिघांचा एकमेकांशी काय संबंध? तिघंही एकाच शब्दावर आहेत. इंग्रजीत नदीचा काठ म्हणजे बँक. पैसे ठेवायचे तीही बँक. आणि आपला शाळेतला बाक म्हणजे पोर्तुगिजांचा ‘बांको’, मराठीत येऊन बसलेला. (म्हातारपणी पाठीला येतो तो बाक निराळा, तो ‘वाकडं’च्या घराण्यातला.)

पोर्तुगीज भाषेत आजही बांको म्हणजे बसायचा बाक आणि बांको म्हणजेच पैशाची बँक. गोव्यात ‘बांको नासियोनाल उल्त्रामारीनो’ ही पोर्तुगिजांची बँक १८६८ पासून होती. त्या पाटीवरचा पहिला शब्द वाचून एखाद्या कोंकणी आजोबांना आत टेकायला बांक मिळेल असं वाटलं असतं, तर शब्दाच्या इतिहासाप्रमाणे ते बरोबरच ठरले असते.

पण बसायची एक लाकडी फळी कोट्यवधींचे व्यवहार करणारी संस्था कशी काय झाली?

त्यासाठी तेराव्या शतकातल्या इटलीच्या बाजारात जायला हवं. इटली तेव्हा एक देश नव्हता. प्रत्येक शहराचं राज्य वेगळं आणि टांकसाळही वेगळी. फ्लॉरेन्सनं १२५२ मध्ये सोन्याचा फ्लोरिन पाडला, व्हेनिसनं १२८४ मध्ये सोन्याचा डुकाट. शिवाय गावोगावची चांदीची नाणी, काही झिजलेली, काही कडेनं कातरलेली. चार शहरं फिरून आलेल्या व्यापाऱ्याच्या थैलीत ही सगळी सरमिसळ. कुठल्या नाण्यात किती सोनं आहे, हे त्याला कोण सांगणार? नाणी बदलून देणारा. आपल्याकडचा सराफ म्हणा ना. त्याच्याकडे तराजू, थैली, वही आणि बाजारात मांडलेलं एक लांबट बाकडं. फ्लॉरेन्सच्या नव्या बाजारात या बाकड्यावर हिरवं कापड अंथरलेलं असायचं. जिनोव्हात ज्या चौकात हे लोक बसत, त्याचं नाव आजही ‘पियात्सा बांकी’ आहे. म्हणजे बाकड्यांचा चौक.

आता इथं जरा थांबा. या धंद्यात चमकणाऱ्या वस्तू किती होत्या! सोनं, चांदी, तराजू, मोहरा. तरी धंद्याला नाव मिळालं ते बाकड्याचं. का?

कारण फिरता माणूस नाणी बदलून देऊ शकतो, पण ठेव घेऊ शकत नाही. जो आज या जागी आहे आणि उद्याही याच जागी सापडेल, त्याच्याकडेच लोक रात्रीपुरती थैली ठेवतात. एकदा थैली ठेवली की पुढचं आपोआप घडतं. मला तुमचे शंभर डुकाट द्यायचे आहेत आणि आपल्या दोघांच्या थैल्या त्याच माणसाकडे आहेत. मग नाणी काढायची, मोजायची आणि पुन्हा त्याच पेटीत टाकायची कशाला? व्हेनिसच्या रिआल्टो पुलापाशी व्यापारी स्वतः जाऊन उभे राहत, तोंडी सांगत आणि बाकडेवाला वहीत लिहून घेई: याच्या नावावरून कमी, त्याच्या नावावर जमा. त्या पेढ्यांना नावच होतं ‘बांको दि स्क्रित्ता’, लिहिण्याचं बाकडं. नाणी जागची हलत नव्हती, फक्त शाई हलत होती. भाजीवालीसमोर फोन धरून तुम्ही आज वीस रुपये देता तेव्हा दुसरं काय घडतं?

तिथून हा शब्द फ्रेंचांकडे गेला आणि पंधराव्या शतकाच्या शेवटाकडे इंग्रजीत पोचला. खरी गंमत पुढेच आहे. इटालियन भाषेनं तो शब्द जर्मन कुळातल्या भाषेकडून उचलला होता आणि इंग्रजी स्वतः त्याच जर्मन कुळातली! त्याच मुळापासून आलेला ‘बेंच’ हा शब्द इंग्रजांकडे आधीपासून होताच. थोडक्यात, दोन सख्ख्या बहिणी. एक माहेरीच राहिली आणि शाळेत, बागेत, कोर्टात बसून राहिली. दुसरी इटलीत दिली. ती काही शतकांनी परतली ती अंगभर सोनं घालून, आणि माहेरच्यांना ती ओळखूच आली नाही. नदीकाठाची बँक हीसुद्धा याच कुळातली, पण ती उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या वाटेनं आलेली. मुळात अर्थ एवढाच: जमिनीपासून थोडा वर आलेला उंचवटा. त्यावर मगर बसली तर काठ, माणूस बसला तर बाक.

या बाकड्यानं जाता जाता आणखी पुष्कळ उद्योग केले. इटालियनमध्ये ‘बांकेत्तो’ म्हणजे छोटं बाकडं. त्यावर बसून खायच्या किरकोळ फराळाला बँक्वेट म्हणू लागले. आता बँक्वेट हॉलचं बिल बघून वधूपिता मटकन खाली बसतो. बाजारात बाकड्यावर चढून रामबाण औषधं विकणाऱ्या भोंदूला इंग्रजीत ‘माउंटिबँक’ म्हणतात, तोही यातलाच. आणि ‘बँकरप्ट’? मूळ इटालियन ‘बांका रोत्ता’, मोडलेलं बाकडं. बुडालेल्या सराफाचं बाकडं लोक भर बाजारात खरोखर फोडत असत, अशी कथा मोठ्या चवीनं सांगतात. ती मला जरा जास्तच नाट्यमय वाटते. धंदा मोडला म्हणून बाकडं मोडलं म्हणायला कुऱ्हाड कशाला हवी?

आपल्याकडे उलट, काही मोडायचं नाही, उजळायचं! पश्चिम भारतातला बुडीत निघालेला सावकार भर दिवसा दुकानात दिवा लावून ठेवत असे, असं जुने प्रवासी लिहून गेले आहेत. ‘दिवाळं’ या शब्दाचा दिव्याशी संबंध लावतात तो यावरूनच. दिवसाउजेडी दिवा दिसला की घेणेकऱ्यांनी काय ते समजून घ्यायचं.

इथवर हा एका युरोपी शब्दाचा प्रवास झाला. आता ग्रीसकडे बघा. ग्रीक भाषेत ‘त्रापेझा’ म्हणजे मेज, चार पायांचं. प्राचीन अथेन्समधले सराफ त्यावर नाणी मांडत. आज अथेन्समध्ये बँकेच्या पाटीवर कुठला शब्द असतो? त्रापेझा. ग्रीकांनी तो इटलीकडून घेतला नाही. त्यांच्याकडे तो दीड हजार वर्षं आधीपासून होता.

आणि आपण? आपला शब्द पेढी. त्याचं मूळ संस्कृत ‘पीठिका’, बसायची जागा. स्वयंपाकघरातलं बुटकं पिढं त्याच घरचं. इटालियन सराफाला भेटल्यावाचून, ग्रीक मेज बघितल्यावाचून, गुजरात-महाराष्ट्रातल्या माणसांनीही पैशाच्या व्यवहाराला बैठकीचंच नाव दिलं! तीन संस्कृती, तीन भाषा, आणि शब्दाची उडी एकच. मला तर याहून थक्क करणारी गोष्ट पुढची वाटते. इंग्रजीत एकाच मुळातून न्यायाधीशांचं बेंच निघालं आणि पैशाची बँक निघाली. मराठीत? पीठ या एका शब्दापासून नागपूरचं खंडपीठ निघालं आणि सावकाराची पेढीही निघाली. न्याय आणि पैसा, दोन्ही गोष्टी जागेवर बसलेल्या माणसाकडूनच घ्यायच्या, असं दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांना न विचारता ठरवलेलं दिसतं.

या पेढीचा थाट बघायचा तर बडोद्यासारखं गाव नाही. गायकवाडांच्या राज्यात हरिभक्तींसारखी गुजराती आणि गोपाळराव मैराळांसारखी मराठी सावकार घराणी दरबाराला पैसा पुरवत. पेढीवर पांढरीशुभ्र गादी, लोड, पुढ्यात उतरतं मेज, बाजूला मुनीम. राजाचीही गादी आणि शेठचीही गादी, दोघांना शब्द एकच. राज्याचं स्वतःचं नाणं बाबाशाही, इंग्रजांचं कलदार. एकाचं दुसऱ्यात रूपांतर करताना जी तूट कापायची तिला म्हणत बट्टा. ‘घराण्याच्या नावाला बट्टा लागला’ असं आपण म्हणतो तेव्हा आपण नाण्यांच्याच बाजारात उभे असतो: नाव तेच आहे, पण बाजारात त्याची पूर्ण किंमत मिळत नाही.

आणि हुंडी! बडोद्यात रुपये भरायचे, एक कागद घ्यायचा आणि तो पुण्याच्या पेढीवर दाखवायचा. दाखवताक्षणी पैसे मिळायचे असतील तर ती दर्शनी, मुदतीनं मिळायचे असतील तर मुदती, आणि फक्त पत असलेल्या माणसाच्याच हाती द्यायचे असतील तर शहाजोग. ‘शहाजोग’ हा शब्द आपण आज साळसूदपणाचा आव आणणाऱ्याला टोमणा म्हणून वापरतो. पेढीवर तो सरळ प्रशस्तीचा होता. हुंडीवर रक्कम कशी लिहीत ते बघण्यासारखं आहे. नुसते ‘रुपये एक हजार’ लिहून भागत नसे. पुढे लिहायचं: निमे पाचशे, त्याचे दुप्पट पुरे. कुणी एक शून्य वाढवायला गेला, तर निम्म्याचा आकडा तोंडावर पडणार. त्या काळचा पासवर्डच तो, आणि कुठलंही यंत्र न लावता चालणारा.

पण पेढीची एक अडचण होती. पेढी म्हणजे शेठ. शेठची पत तीच पेढीची पत, आणि शेठला जो माणूस ठाऊक नाही त्याला तिथं दार बंद. चाळीस रुपये पगाराच्या कारकुनाला कोण दारात उभं करणार? बडोद्यातल्या मध्यमवर्गीय मराठी मंडळींनी यावर तोड काढली. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली १८८९ मध्ये ‘अन्योन्य सहाय्यकारी मंडळी’ सुरू झाली. पैसे आपणच ठेवायचे, कर्ज आपल्यातच द्यायचं. देशात सहकारी पतसंस्थांचा कायदा आला १९०४ मध्ये. त्याच्या पंधरा वर्षं आधीची ही गोष्ट, आणि भारतातल्या नागरी सहकारी बँकांची वंशावळ तिच्यापासून मोजतात. गंमत अशी की तिनं स्वतःला बँकही म्हटलं नव्हतं आणि पेढीही नव्हतं म्हटलं. मंडळी म्हटलं. तिथं गादीवर कुणी एक बसलेला नव्हताच, मग गादीचं नाव द्यायचं कशाला?

पुढची उडी सयाजीरावांची. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक आलेल्या या राजानं १९०६ मध्ये अमेरिका पाहिली आणि राल्फ व्हाइटनॅक नावाचे एक अमेरिकन अर्थसल्लागार बडोद्याला आणले. बंधू संपतराव गायकवाड, विठ्ठलदास ठाकरसी, लल्लूभाई सामळदास, तुलसीदास किलाचंद अशी माणसं जमली आणि २० जुलै १९०८ रोजी, बडोदे राज्याच्याच १८९७ च्या कंपनी कायद्याखाली, ‘द बँक ऑफ बरोडा लिमिटेड’ जन्मली. भरणा झालेलं भांडवल दहा लाख. जागा मांडवीत, म्हणजे जुन्या पेढ्यांच्या ऐन वस्तीत. त्या पाटीवरचा ‘लिमिटेड’ हा शब्द किती क्रांतिकारक होता, याची आज कल्पना येत नाही. याचा अर्थ: बाकावर आता कुणीच बसलेलं नाही. शेठ नाही, मुनीम नाही; कायद्यानं जन्माला घातलेली एक अदृश्य व्यक्ती आहे, तिच्यावर विश्वास ठेवा. आणि लोकांनी ठेवला! १९१३ नंतरच्या पडझडीत स्वदेशी बँका डझनांनी कोसळल्या, त्यातून ही बँक तरली. माणसाविना उरलेला बाक आणि त्यावर ठेवलेला विश्वास, एवढ्यावर ती १९६९ च्या राष्ट्रीयीकरणापर्यंत आणि त्याच्याही पुढे आली.

माणूस गेला, आता पैसा जायची पाळी. १९३७ साली शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात डॉ. बर्नार्ड फँटस यांनी रक्त बाटल्यांत भरून थंड जागी साठवायची सोय केली. तिचं नाव आधी ‘रक्त जतन प्रयोगशाळा’ असं काहीसं रुक्ष ठरत होतं. फँटसना त्याहून चपखल नाव सुचलं: ब्लड बँक. कारण तिथला नियम बँकेचाच होता. ज्या विभागाला रक्त काढायचं आहे, त्यानं आधी जमा करायला हवं. शब्दातून सोनं-नाणं पार निघून गेलं, जमा आणि खर्च तेवढे उरले. एकदा ही वाट मोकळी झाल्यावर मग आय बँक, बुक बँक, सीड बँक, झालंच तर खिशातली पॉवर बँक. जे साठतं आणि परत मिळतं, ते सगळं बँक.

मराठीनं इथं काय केलं ते कुणी नीट पाहिलंच नाही, अशी माझी तक्रार आहे. आपण पैशाच्या संस्थेला ‘बँक’ म्हणू लागलो आणि ‘पेढी’ रिकामी झाली. ती आपण फेकली नाही. ब्लड बँक आली तेव्हा तिला म्हटलं रक्तपेढी. मग नेत्रपेढी. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये आईच्या दुधाची बँक सुरू झाली, ती दुग्धपेढी. म्हणजे पैसा असेल तर इंग्रजी शब्द आणि रक्त, डोळे, दूध असेल तर आपला! अपवाद एक पतपेढीचा. तिनं पैशाचा हात सोडलेला नाही. बडोद्यात तर हा खेळ एकाच रस्त्यावर दिसतो. गुजराती पाटीवर ‘आंगडिया पेढी’ (रोकड-जवाहीर पोचवणाऱ्यांची) असतं, कारण गुजरातीत पेढी म्हणजे अजूनही व्यापारी फर्म. रक्ताला मात्र तिथं सहसा ब्लड बँकच म्हणतात. दांडिया बाजारातला मराठी माणूस घरात रक्तपेढी म्हणतो आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की त्याच शब्दाचा दुसरा अर्थ घेऊन चालतो, अडखळत नाही.

आणि आता मतपेढी. हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? एखादी जात, एखादा धर्म, झुंडीनं मत देणारा समाज. टीव्हीवरच्या चर्चेत तो शिवीसारखाच वापरतात. पण तो आणला कुणी? समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी. आणि तेव्हा ते होते कुठं? बडोद्यात! १९५१ मध्ये ते महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग उभारायला आले आणि १९५९ पर्यंत राहिले. म्हैसूरजवळच्या एका खेड्यात १९४८ मध्ये त्यांनी मुक्काम ठोकला होता. लिखाणात त्या गावाला त्यांनी ‘रामपुरा’ असं नाव दिलं. त्या गावावरचा त्यांचा निबंध १९५५ मध्ये ‘व्हिलेज इंडिया’ या ग्रंथात छापून आला, आणि ‘व्होट बँक’ हा शब्द त्यातून जगापुढे आला.

मात्र तिथं व्होट बँक म्हणजे जात नव्हे, धर्मही नव्हे. गावात एक वजनदार जमीनदार असतो. त्याची कुळं, त्याचे मजूर, त्याचे कर्जदार त्याच्या शब्दाबाहेर नसतात. उमेदवार घरोघर जात नाही, तो या एका माणसाच्या ओसरीवर जातो. मतं त्याच्याकडे साठलेली आहेत. तो काढून देईल. म्हणजे श्रीनिवासांच्या शब्दात बँक होती ती ओसरीवर बसलेला माणूस. पुन्हा बैठक, पुन्हा त्यावर बसलेला शेठ! गेल्या सत्तर वर्षांत तो जमीनदार शब्दातून अलगद निसटला आणि त्याचं नाव त्याच्या खातेदारांनाच चिकटलं. ज्याच्या हाती मतं होती त्याच्यावरचा ठपका ज्यांची मतं होती त्यांच्या माथी आला. अर्थ बदलतात, त्याबद्दल भाषेशी भांडण नाही. पण हा बदल मला अन्यायाचा वाटतो, आणि चर्चेत कुणी तावातावानं ‘व्होट बँक’ म्हणालं की ओसरीवरचा तो माणूस कुठे गेला, हे विचारावंसं वाटतं.

ब्लड बँकेचं साल सांगता येतं, व्होट बँकेचंही सांगता येतं, कारण छापील कागद उरले. कागद नेहमी उरतातच असं नाही. श्रीनिवासांची रामपुऱ्यावरची टिपणं १९७० मध्ये स्टॅनफर्डला झालेल्या जाळपोळीत राख झाली, आणि ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ हे पुस्तक त्यांना आठवणीतून लिहावं लागलं. पेढी, बट्टा, शहाजोग या शब्दांचा एकेका पिढीतला अर्थ मोडीतल्या रोजमेळात, खतावणीत आणि हुंड्यांत दडलेला आहे, आणि बडोद्याच्या जुन्या मराठी घरांच्या माळ्यांवर तसे गठ्ठे अजून सापडतात. तुमच्याकडे असला एखादा गठ्ठा असेल, तर तो रद्दीवाल्याला देण्याआधी मोडी वाचणाऱ्या कुणाला तरी एकदा दाखवा.